रविवारचं तेल

सिडकोत राहणाऱ्या मालनबाई बोरस्त्यांच्या निकिताला समजावण्याचं काम आजवर निम्म्या निफाड तालुक्यानं केलंय. मामानं समजावलं, आत्यानं समजावलं. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यानंसुद्धा जिन्यात उभं राहून, "ताई, माणसांत मिसळत चला," असा फुकटचा सल्ला दिला. पोरगी बत्तीस वर्षांची, विम्याच्या ऑफिसात नोकरीला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणार, लग्नात बँड वाजला की कान दाबून बसणार, आणि खोटं म्हणून बोलणार नाही. आत्यानं येवल्याची नवी पैठणी नेसून, "कशी दिसते गं?" विचारलं, तर ही म्हणाली, "चांगली नाही दिसत." झालं! आत्या वर्षभर घरी फिरकली नाही.

गेल्या दिवाळीत ऑफिसखाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि निकिता टेबलाखाली जाऊन बसली, ती काही केल्या बाहेर येईना. तेव्हा साहेबांनीच तिला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तीन-चार वेळा बोलावून, पार लहानपणापासूनचं विचारून सांगितलं, की हा ऑटिझम. जन्मापासूनचा. तुमच्यात खोट काही नाही, घडणच वेगळी आहे. समुपदेशन घ्या, कुणाशी तरी मोकळं बोलत जा.

घ्या म्हणे! कुठून घ्यायचं? पहिल्या सेंटरच्या भिंतींवर ससे आणि बसायला गुडघ्याएवढ्या खुर्च्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाळ कुठंय?" निकिता म्हणाली, "मीच." मुलगी आधी हसली आणि मग कानकोंडी झाली. दुसरीकडच्या गृहस्थांनी तिला नीट न्याहाळलं. "एवढं छान बोलता, नोकरी करता, तुम्हाला कसला आलाय ऑटिझम? लग्न करा, सगळं मार्गी लागेल." म्हणजे समजावणाऱ्यांत आणखी एकाची भर, तीही फी घेऊन.

मग गंगापूर रोडला वेदिका मॅडम सापडल्या. निकिता खुर्चीत बसल्या बसल्या वर बघायला लागली तशा त्या म्हणाल्या, "ट्यूबलाइटचा त्रास होतोय का?" आणि उठून बंद करून आल्या. ट्यूबलाइट घूं करते, हे निकिता शाळेपासून सांगत होती आणि लोक तिला वेड्यात काढत होते. "माझ्याकडे बघून बोललं पाहिजे असं काही नाही हं," मॅडम म्हणाल्या. निकिताला रडूच आलं. सगळ्या जगात एक खोली मिळाली होती, जिथं कुणी समजावणार नव्हतं.

सुरुवातीला ती ऑफिसचंच बोलली. मग एके दिवशी, खिडकीकडे बघत, कधी कुणाला न सांगितलेलं तिनं सांगून टाकलं.

"दर रविवारी आई माझ्या डोक्याला तेल लावते. जास्वंद घालून घरी कढवलेलं. तिची बोटं फिरायला लागली की डोक्यावर विस्तव ठेवल्यासारखं होतं. मी दात आवळून बसते. तिला नाही म्हणता येत नाही. बाबा गेल्यापासून माझं म्हणून तिला तेवढंच करायला मिळतं."

बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की तोंड धुवायला गेली तर आरशात स्वतःशीच हसली.

आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. आपल्याकडे पेशंट एक असतो आणि डॉक्टर सांगतात ते घरच्यांना. पथ्य आईला, गोळ्यांच्या वेळा आईला. मालनबाई दर खेपेला बाहेर बाकड्यावर बसलेल्या असायच्या. निकिता तोंड धुवायला गेलेली बघून त्या द्राक्षांची पिशवी घेऊन आत शिरल्या. "मॅडम, काय म्हणाली हो माझी पोर? मला तर ती काहीच सांगत नाय." डोळे भरलेले. वेदिका मॅडम माणूस चांगल्या, आणि तिथंच घात झाला. आईपासून काय लपवायचं, असं वाटून त्यांनी अगदी आंबट देऊ नका म्हणावं तसं सांगितलं, "तेवढं तेल लावायचं बंद करा. तिला विस्तव ठेवल्यासारखं होतं."

रविवारी निकिता नेहमीसारखी पाटावर येऊन बसली. तेलाची वाटी काही येईना.

"आई, तेल?"

"तुझं तू लाव बाई." मालनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. "उगाच विस्तव कशाला ठेवू डोक्यावर?"

विस्तव. हा शब्द निकितानं एकाच खोलीत उच्चारला होता.

मालनबाई दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या, कोरडेच हात. "इतकी वर्षं मी माझ्या लेकराला चटके देत होते का गं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नाही गं आई, तसं नव्हतं म्हणायचं मला. बोलायला काय लागतं? पण निकिताला ते येत असतं तर रडायचं कारणच काय होतं!

"हो," ती म्हणाली.

मालनबाई मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. निकिताला आईजवळ जावंसं वाटत होतं. जाऊन काय करायचं ते तिला कळेना. ती पाटावरच बसून राहिली, आणि आई आता कधीच हात लावणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

पुढच्या खेपेला मालनबाई आल्या नाहीत. निकिता एकटीच रिक्षानं गेली. मॅडमनी ट्यूबलाइट बंद केली, द्राक्षं फार गोड होती असं सांगितलं आणि विचारलं, "मग, कसा गेला आठवडा? घरी सगळं ठीक?"

निकितानं मान वर केली. जन्मात पहिल्यांदा समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं आणि लोक हसतात तशी हसली.

"छान गेला," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे."

"अरे वा!" मॅडमचा चेहरा फुलला. "बघा, किती फरक पडलाय तुमच्यात."