चौतीस किल्ल्या आणि एक कादंबरी

“निर्धास्त जा.” किल्ली हातात घेतल्यावर ते एवढंच म्हणायचे. कुठे चाललात, किती दिवस, काही विचारायचे नाहीत. किल्ली अंगठ्याने पुसायची, मागे वळून फळीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि अर्धवट राहिलेलं काम पुन्हा हातात घ्यायचं.

कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किल्ल्या करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. रुंदी साडेचार फूट, मी मोजलेली आहे. परगावी जाताना गल्लीतली माणसं घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून जात. पुढेपुढे लोकांना ती परत न्यायचाही कंटाळा येऊ लागला. घरातली हरवली तर एक तिथे असू दे, असा विचार. मी मोजल्या तेव्हा फळीवर चौतीस किल्ल्या होत्या आणि एकीलाही नावाची चिठ्ठी नव्हती.

“मिसळल्या तर?” मी विचारलं होतं.

“साहेब, तुमच्या ऑफिसात तीस-चाळीस माणसं असतील. त्यांच्या गळ्यात पाट्या आहेत का?”

एकदा आम्ही गावाला गेलेले असताना माझी मेहुणी नाशिकहून न कळवता आली. त्यांनी तिला किल्ली द्यायच्या आधी विचारलं, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला आहे. तिने सांगितलं. मग विचारलं, त्या खिडकीला कडी आहे का. तिला आठवेना. बाईंना तासभर बाकावर बसवून, चहा पाजून, समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींनी ओळख पटवल्यावरच किल्ली मिळाली. मेहुणी आजही तो अपमान विसरलेली नाही. खिडकीला कडी नव्हती, हे मी तिला सांगितलेलं नाही.

अशा माणसाने कादंबरी लिहिली, ती चोरांवर.

दुपारी एक ते चार पेठ झोपलेली असते, तेव्हा आठ वर्षं बसून लिहिलेली. पानं दोनशे अठ्ठेचाळीस. मला प्रत देताना म्हणाले, “वाचून बघा. सगळं खोटं आहे.” खोटंच होतं. एक नगरी, तिथली कुलपं ऐकतात. ज्याचा आवाज आवडेल त्याला उघडतात. म्हणून तिथले चोर आधी गाणं शिकतात. एक ठग बाई तीन राजांना एकच नदी विकते आणि चौथ्याला त्या नदीचा पूल. मी सहसा असलं वाचत नाही, पण ऑफिसात डबा खाताना ते पुस्तक उघडं असायचं.

गल्लीच्या वाचनालयात दोन प्रती आल्या आणि दोन्हींना नंबर लागले. पुण्यात पुस्तक आवडलं तर लोक लेखकाला तसं सांगत नाहीत, उरलेलं सांगतात. निवृत्त मुख्याध्यापक दुकानापुढे छत्री टेकून म्हणाले, “शुद्धलेखन उत्तम. चोर इतकं शुद्ध बोलतात, हे मात्र नव्याने कळलं.” दुधाच्या रांगेत एक काकू म्हणाल्या, “डोळ्यांसमोर उभं राहतं हो सगळं. जरा जास्तच.” कुणी विचारलं, हे सगळं सुचलं कसं. कुणी विचारलं, सुचलं की पाहिलं. पहिल्या आठवड्यात ते हसत होते.

मग लोक सातव्या प्रकरणापर्यंत पोचले. त्यात चोरांचा म्होरक्या बाजारात एक छोटं दुकान थाटतो आणि नगरीतले लोक आपल्या हाताने त्याला घराच्या किल्ल्या आणून देतात.

ते लिहिताना त्यांच्या पाठीमागे ती फळी होती, म्हणून ते सुचलं. एवढी साधी गोष्ट. पण पेठेने ती तशी घेतली नाही. एकाने नवं कुलूप बसवलं म्हणून जुनी किल्ली मागितली. एकाच्या सुनेला जादा किल्ली हवी झाली. मुख्याध्यापकांनी कारण सांगण्याचे कष्ट घेतले नाहीत. “कादंबरी छान. किल्ली द्या.” दोन महिन्यांत चौतीसच्या नऊ झाल्या.

गल्लीत इतक्या वर्षांत एकही चोरी झालेली नव्हती आणि त्या दोन महिन्यांतही झाली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नऊ उरल्या तेव्हा मीही गेलो. मेहुणी राहायला येणार आहे, म्हणालो.

त्यांनी किल्ली काढली, पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. “कुठपर्यंत आलात?”

“पान एकशे बारा.”

“पुढचं वाचा,” एवढंच म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, “संशय घेतलात त्यांच्यावर?”

“संशय नाही. खबरदारी.”

“मग ही खबरदारी कादंबरी यायच्या आधी कुठे होती?” ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

उरलेली पानं मी दोन बैठकींत वाचली. शेवटच्या प्रकरणात राजाच्या लग्नासाठी सारी नगरी टेकडीवर जाते. म्होरक्याकडे प्रत्येक घराची किल्ली. तो एकेक घर उघडतो. आत थोडा वेळ बसतो, माठातलं पाणी पितो, भांडं पालथं घालतो आणि कुलूप लावून पुढच्या घरी जातो. काही नेत नाही. इतकी वर्षं लोकांच्या किल्ल्या सांभाळल्या, पण घरी या, असं त्याला कुणीच म्हटलेलं नसतं.

मी पुस्तक मिटलं. माझी किल्ली त्यांच्याकडे अकरा वर्षं होती. तेवढ्या काळात ते आमच्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा कुलूप बिघडलं म्हणून, आणि दोन्ही वेळा दाराबाहेर बसून काम करून गेले.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन दुकानात गेलो. शेवट वाचला म्हणालो, चहाला या म्हणालो, आणि किल्ली पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

“नको, साहेब. आता कुणाच्या घरात वाटी जरी सापडली नाही, तरी लोक आधी माझ्याकडे बघतील. लोकांचं जाऊ द्या, मीच आठवत बसेन की त्या वेळी मी कुठे होतो.”

“मी सगळ्यांना सांगतो ना.”

“काय सांगाल? शेवटपर्यंत वाचा म्हणून?”

मी खरंच चार घरी सांगून पाहिलं. चौघांनीही मान डोलावली. किल्ली परत ठेवायला दुकानात कुणी गेलं नाही.

पावसाळ्यानंतर ते दुकान सोडून वारज्याला मुलीकडे राहायला गेले. जायच्या आधी एका सकाळी आमची बेल वाजली. ते दारात उभे. जुन्या डब्यात गल्लीतल्या लोकांनी करून घेतलेल्या पण न नेलेल्या जोडकिल्ल्या निघाल्या होत्या, त्यांत आमची एक होती. मी आत या म्हणालो, बायकोही बाहेर येऊन म्हणाली. अजून सहा घरं राहिली आहेत, म्हणाले.

मग खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, की किल्ली मिळाली, आता यांच्याकडे आमची कोणतीही किल्ली नाही. खाली बावीस सह्या होत्या. मुख्याध्यापकांची पहिली, झोकदार.

मी न वाचता सही करत नाही. तोही कागद वाचला. याची काही गरज नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. पण तशी गरज आम्हीच आणली होती. तेविसावी सही केली. त्यांनी तारीख घालायला सांगितली, तीही घातली.

“लावून बघा,” ते म्हणाले.

मी बाहेर आलो, त्यांच्यादेखत माझ्याच दाराला कुलूप लावलं आणि उघडलं. किल्ली व्यवस्थित फिरली. त्यांनी मान हलवली आणि ते वरच्या मजल्याकडे गेले. वरच्या दाराची बेल वाजली, मग थोड्या वेळाने वरच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. तिथेही सही झाली असणार.