राखी रंगाची पिल्लं

वर्षाचं माझ्याशी झालेलं शेवटचं नीट बोलणं कोंबड्यांबद्दल होतं. नागपूरच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो. वाटलं, आता ही संसाराचं काही सांगेल. तिनं विचारलं, आईंनी काळीला पांढुरक्या कोंबड्याजवळ ठेवलं का? मी हो म्हणालो. "मग आता बघा..." एवढं म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ती गेली. महिना उलटला, तरी मला अजून राग येतो, आणि कोणाचा ते कळत नाही.

माझी बायको गोंदियात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायची. लग्न होऊन ती फुलचूरला आमच्या घरी आली आणि मागच्या अंगणात खुराडं उभं राहिलं. कोंबड्या गावठीच, पण तिला रंग हवा होता राखेचा. आमच्याकडे नवसाला कुठे काळी कोंबडी लागते, कुठे तांबडा कोंबडा, कुठे बिनडागाची पांढरी. राखी मात्र कोणीच मागत नाही, म्हणून तिला ती हवी. लहानपणी तिनं हातावर वाढवलेली काळी तलंग, कोवळी कोंबडी, तिच्याच तापाच्या नवसात गेली होती. ताप उतरला, आणि हिनं कोंबडी खाणं कायमचं सोडलं. हे तिनं मला लग्नानंतर किती वर्षांनी सांगितलं, तेही मी ताटावर बसून तिला चिडवलं म्हणून.

पण राखी कोंबडा आणि राखी कोंबडी यांची पिल्लं सगळी राखी निघत नाहीत. काही काळी होतात, काही पांढुरकी. माझी आई हसायची, "तुया सायन्स कोंबडीले समजत नाही वो." मग वर्षा भाजी निवडता निवडता तिलाच शिकवायला बसायची. काळ्या शाईत पाण्याचा थेंब समजा, म्हणायची. आईबापांपैकी एकाकडूनच थेंब आला की पिल्लू राखी. दोघांकडून आला की पांढुरकं, अंगावर शाईचे शिंतोडे. कोणाकडूनच नाही आला तर काळं. राखीजवळ थेंब एकच, कधी देते, कधी नाही. पण काळी आणि शिंतोडेवाला यांची जोडी लावली, तर प्रत्येक पिल्लाला बरोबर एक थेंब मिळतो आणि सगळी राखी होतात. एवढं सगळं पाठ असून तिच्याकडे पांढुरकं पिल्लू काही टिकलं नाही. कधी मुंगूस न्यायचं, कधी रोग. शेवटी एक पांढुरका कोंबडा मोठा झाला, तेव्हा ती स्वतः अंथरुणाला खिळलेली होती. तोवर काळी कोंबडी मागायला येणाऱ्यांना ती दारातूनच वाटेला लावत आली.

आणि नवस बोलला कोणी, तर माझ्या आईनं. सून बरी झाली की बिरसीकडच्या आमच्या गावदेवीला घरची काळी कोंबडी देईन. आईच्या पोटात काही राहत नाही, तिनं ते दवाखान्यात वर्षाला तोंडावरच सांगितलं. वर्षा म्हणाली, "एक माझ्यापायी गेली, आई. आता दुसरी नको."

"तुया जिवापरीस मोठी हाये का वो थे कोंबडी?"

वर्षानं आईचा हात धरून ठेवला. मला विचारलं असतं तर मी खुराडं रिकामं करून दिलं असतं. आईनं नवस मागे घेतला नाही. पण घरी येऊन तिनं काळीला आणि पांढुरक्याला एकत्र, वेगळ्या खुराड्यात ठेवलं, अंडी जमवली, आणि एक कोंबडी खुडूक बसली तशी तिच्याखाली पाटीत मांडली. काळी जगावी असं तिला वाटत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. सून जगली असती तर काळी जाणारच होती. सून गेली, म्हणून काळी राहिली... हा हिशेब मला अजून पचत नाही.

तेरवीनंतर पाहुणे पांगले आणि अंडी फुटली. आई पाटीशेजारी उकिडवी बसली आणि एकेक पिल्लू हातात घेऊन, उलटंपालटं करून, पंखाखाली फुंकर मारून बघायला लागली. एक काळं तरी निघेल असंच तिला वाटत असावं. सगळं बघून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सगळी राखी होती. काळी खुराड्याच्या तोंडाशी दाणे टिपत होती.

"सांगतलन तसाच झाला रे," आई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, "आता सांगू कोनाले?"