फिल्टरला लावलेलं तेल

कचेरी नव्या रायपुरात गेली, तिकडे बस क्वचितच, म्हणून मी गाडी घेतली. धुऊन पुन्हा वापरायचा एअर फिल्टर चौबे कॉलनीतल्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने बसवून दिला. तो आमच्या विदर्भाकडचाच. फिल्टर धुवायचा कसा हेही त्यानेच शिकवलं. आतल्या बाजूने हलकं पाणी सोडायचं, सावलीत पूर्ण वाळवायचं आणि मग प्रत्येक घडीवर फिल्टरच्या खास तेलाची एक बारीक रेघ.

"जास्त नका लावू साहेब, तेल पुढं जाते."

इथल्या कारखान्यांच्या काळ्या धुळीला एक रेघ काय पुरणार, असं वाटून एका रविवारी मी तो तेल निथळेपर्यंत भिजवला. दोन दिवसांनी गाडी आचके द्यायला लागली. कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. सोबत कचेरीतले दोघे होते. मिस्त्रीने फिल्टरपुढच्या नळीत बोट फिरवलं. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर तेल चढलं होतं.

"फिल्टरले तेल कोनं लावलं, साहेब?"

तेवढ्यात गॅरेजचा मालक आला. "क्या हुआ भैया?"

"इसी ने लगाया था," मी म्हणालो.

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं यावर माझा विश्वास बसेना. विचार करायलाही वेळ लागला नव्हता. मिस्त्री आता बोलेल, म्हणून मी थांबलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बोट फडक्याला पुसलं. मालकाने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, तेव्हाही मी गप्प होतो.

दहा दिवसांनी कळलं की तो अभनपुरला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात लागलाय. गेलो आणि चूक कबूल केली. तो नट आवळत राहिला.

"हे तिथं बोलाचं होतं. मले काहून सांगून राहिले? मले तं माहीतच हाय."

तसाच परत येऊन गॅरेज गाठलं. गिऱ्हाइकांसमोर मालकाला सगळं सांगितलं आणि मिस्त्रीला परत बोलवा म्हणालो. मालक चिडेल, निदान चपापेल, असं वाटलं होतं. तो हसला.

"छोड़ो भैया, मिस्त्री तो मिल जाते हैं. दूसरा रख लिया. गाड़ी ठीक चल रही है ना?"

गाडी ठीक चालत होती. मी हो म्हणालो.