नारायण पेठेतलं नाफ्प्लिओ

हेमाताई रिसबूड यांनी ग्रीसची सहल मोठ्या हौसेने ठरवली आणि निघायच्या आठवड्यातच स्वयंपाकघरात घसरून पाय मोडून घेतला. "एकाने तरी जाऊन या," म्हणत त्यांनी नवऱ्याला बळेबळे विमानात बसवलं. तिथेच चुकलं. कारण नवरा म्हणजे बाळ रिसबूड. सत्तरी उलटली तरी नाव बाळच, आणि बोलणं जन्मभर तारेच्या भाषेत.

ते परत आल्यावर हेमाताईंनी पहिला प्रश्न विचारला तो नाफ्प्लिओचा. हे समुद्रकाठचं जुनं बंदराचं गाव. संध्याकाळी गाइडबरोबर तिथल्या गल्ल्यांतून हिंडत धक्क्यावर जायचं, सगळ्या सहलीत त्यांना हवी होती ती हीच फेरी.

"बरं होतं," बाळराव म्हणाले.

"आणि?"

"दुपारी दुकानं बंद ठेवतात. शहाणी माणसं आहेत."

एवढ्यावर ग्रीस आटोपलं. फोटोही नाहीत, कारण हरवू नये म्हणून मोबाइल हॉटेलातच ठेवला होता. हेमाताईंना अगदी रडू आलं. पाय काय, आज ना उद्या जुळेल. ती संध्याकाळ आता कोण देणार? त्यांनी अबोला धरला. तो धरलाय हे बाळरावांच्या लक्षात यायलाच बराच वेळ गेला.

लक्षात आलं तेव्हा मात्र त्यांनी भाड्याची चाकांची खुर्ची दारात आणून उभी केली.

"चल. नाफ्प्लिओची फेरी निघतेय. उशीर करणाऱ्यांसाठी थांबत नाही."

खुर्ची ढकलत ते पेठेतून निघाले. "डावीकडे संगमरवरी चौक," त्यांनी पिठाच्या गिरणीकडे हात केला.

"संगमरवर कुठाय?"

"मध्ये बोलू नये. प्रश्न शेवटी."

पुढे एका गॅलरीतून बोगनवेल खाली आली होती. "ही अशीच होती. खाली स्कूटर नव्हत्या, इतकंच." फूटपाथ नावापुरता, म्हणून खुर्ची रस्त्यातून चालली होती. मागून रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना, तेव्हा बाळराव वळून म्हणाले, "अहो, आम्ही सध्या परदेशात आहोत." हेमाताई इतक्या हसल्या की प्लॅस्टरमधला पाय दुखायला लागला. अबोला कुठे गळून पडला ते त्यांनाही कळलं नाही.

भिडे पुलाजवळ खुर्ची थांबली. नदीपलीकडे मेट्रो स्टेशनचे दिवे लागत होते.

"तो किल्ला. तिथे पाण्याच्या मधोमध आहे. आणि इथे धक्क्यावर हॉटेलांच्या खुर्च्या."

"तुम्ही कुठे बसलात?"

बाळराव जरा घुटमळले. "पुढेच. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला."

पंगत असो की बस, हेमाताईंची जागा रुमाल टाकून धरायची, ही त्यांची लग्नापासूनची सवय.

"अहो, मी इथे पुण्यात, पाय वर करून पडलेली!"

"माहीत होतं. हात आपला गेला. मग उचलवेना." ते नदीकडे बघत राहिले. "गर्दी वाढली. वेटरला वाटलं, कुणाचा पडला. उचलून न्यायला लागला. मी परत टाकला. मग तो सारखा येऊन खुर्ची मागायला लागला."

हेमाताईंनी पदराने डोळे टिपले. हसू येत होतं, आणि रडूही.

"मग काय सांगितलंत त्याला?"

"येतेय, म्हटलं."