मुत्लाच्या वाळूतून सेल्वीच्या विहिरीपर्यंत

कुवेतमधल्या फिंतासच्या ज्या दवाखान्यात मी लॅबमध्ये काम करते, तिथेच सेल्वी नर्स आहे. तिचं गाव उत्तर श्रीलंकेत. लढाई संपून इतकी वर्षं झाली, तरी तिच्या आईच्या घराला नि शेताला अजून लाल पाट्यांचं कुंपण आहे, कारण जमिनीत सुरुंग आहेत. ते काढणाऱ्या बायकांची तुकडी पैशाअभावी बंद पडणार असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, "या शुक्रवारी आमच्याबरोबर वाळवंटात चल. सहलीला येणाऱ्या आमच्या मराठी मंडळींना तूच सांग."

थंडीत कुवेतमध्ये भटकायचं तर सकाळी लवकर निघावं. फहाहीलचा हमरस्ता धरून आम्ही शहर ओलांडलं, जहराला गरम खुबूस रोट्या घेतल्या आणि मुत्लाच्या टेकडीचा चढ चढलो. पाण्याचे कॅन घरूनच न्या, वर दुकान नाही.

पिवळी फुलं पाहून माझ्या नवऱ्याने, नितीनने, गाडी रस्त्यावरून खाली वाळूत घातली. मागच्या सीटवरून दाऊदचाचा म्हणाले, "मळलेल्या वाटेनंच घे, बाबा."

चाचा राजापूरचे. इथल्या एक्क्याण्णवच्या युद्धानंतर सुरुंग काढणाऱ्यांना ते टँकरने पाणी पोचवत. त्यांच्या खोलीतला एकजण सरपणाला म्हणून वाट सोडून गेला, तो परत आला नाही.

"या देशाकडं पैसा होता, म्हणून लवकर साफ झालं," चाचा म्हणाले. "जिथं नाय, तिथली माणसं नुसती वाट बघत ऱ्हातात."

जेवणं झाल्यावर सेल्वी मोडक्या हिंदीत बोलली. आई भाड्याच्या खोलीत राहते, आपलं घर रस्त्यावरून बघून परत येते, एवढंच. कुणीतरी लगेच वर्गणीसाठी रिकामा डबा फिरवायला काढला. नितीनने तो खाली ठेवायला लावला. इथे परवानगीशिवाय वर्गणी जमवता येत नाही.

"रहने दो, दीदी," सेल्वी म्हणाली.

"राहू का द्यायचं?" मी म्हटलं. "गोळा करायचं नाही, एवढंच ना? ज्याला द्यायचंय तो आपापल्या खात्यातून थेट ती तुकडी चालवणाऱ्या संस्थेला देईल."

कुणी दिले, कुणी नाही, मी विचारलं नाही. चाचांनी मात्र संध्याकाळी अबू हलीफाला उतरण्याआधी माझ्याकडून फोनवर सगळं समजून घेतलं आणि स्वतः पैसे पाठवायचं बटण दाबलं.

घरी आल्यावर बुटांतली वाळू झटकताना वाटलं, आपण निर्धास्त फिरून आलो, ते कुणीतरी आधी गुडघ्यांवर बसून ती जमीन तपासली म्हणून.

पुढे बातमी आली. जगभरातून थोडंथोडं जमलं, त्यात आमचंही होतं, आणि तुकडी टिकली. सेल्वीचं घर, विहीर आणि तिथवरची वाट मोकळी झाली. शेत अजून बाकी आहे, म्हणून आमच्यातल्या काहींनी दरमहा द्यायचं ठरवलंय.

परवा दवाखान्यात डबा खाताना सेल्वीला तिच्या आईचा फोन आला. बोलणं झाल्यावर तिने फोन ठेवला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विहीर गाळाने भरलीय. उपसायला पंप पाठव म्हणते."

आणि डबा बाजूला सारून ती पंपांच्या किमती बघायला लागली.