इलारियाने झाकलेला आरसा

आमच्या गावात इलारिया कोपाला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. दुपारचे दोन वाजले की कपाटाच्या दारातून काढलेला आरसा काखोटीला मारून ती चर्चमागच्या टेकाडावर चढायची. समोर मिठाचं मैदान, नजर पोचेल तिथवर पांढरं. पावसानंतर त्यावर वीतभर पाणी साचतं आणि आभाळ कुठं संपलं, जमीन कुठं लागली, काही म्हणता काही कळत नाही. मीठ आणायला ट्रक घेऊन गेलेला माणूस तिथं गोल गोल फिरतो आणि त्याला वाटतं, आपण नाकासमोर चाललोय. त्याला किनारा कुठं आहे ते सांगायचं, हे इलारियाचं काम.

सोपं वाटतंय? करून बघा. ऊन आरशावर जितकं तिरकं येतं तितकंच तिरकं परत जातं. हात जरासा हलला की कवडसा कोसभर भलतीकडे. इलारिया डावा हात लांब करून दोन बोटं फाकवायची, त्या फटीत दूरचा ट्रक धरायची आणि कवडसा बोटांवर येईपर्यंत आरसा कलवायची. मग तीन उघडझापी. ट्रकवाला ट्रकच्या बाजूच्या आरशाने तीन परत करायचा. म्हणजे दिसलं, येतोय.

फेर्मिन तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला पाठीवर बांधूनच इलारियाने मीठ फोडलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्नही राहून गेलं. त्या फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, तो एकटाच ट्रक घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी आला नाही.

इलारिया सकाळपासून टेकाडावर आरसा फिरवत होती. पोटात एक घास नाही, गालात नुसती भूक मारणारी कोकाची पानं. वारा पडला होता आणि पाण्यावरून कडाक्याचा गारठा येत होता. तीनच्या सुमाराला तिला ट्रक दिसला. पण मैदानावर नव्हे, त्याच्या वर, आभाळात. चाकं वर, टप खाली, असा उलटा टांगलेला. आणि त्यातून उजेड चमकला. एक, दोन, तीन.

आत्या निकासिया शेजारीच लोकर कातत बसली होती. तिने पाहिलं आणि चाती खाली ठेवली. आमच्याकडे हा नियम आजोबा-पणजोबांपासूनचा. मिठात मेलेले उजेड दाखवून वाट विचारतात, त्यांना उत्तर द्यायचं नाही, आरसा झाकायचा. उलटा ट्रक मेलेल्याचा, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"फेर्मिन असला तर?" इलारियाने विचारलं.

"तुझा भाऊ काय डोक्यावर ट्रक चालवतो? झाक तो, पोरी."

इलारियाने शाल काढून आरशावर टाकली आणि पाठ फिरवली. पण आत्याच्या चेहऱ्यावरून तिला कळत होतं, उजेड अजून येतोय. आत्या पुटपुटत मोजत होती, दर वेळी तीनच. तासभर हे चाललं. शेवटी शेवटी उघडझापी घाईघाईने येऊ लागल्या आणि मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तिबुर्सियोकाका चार माणसं घेऊन गेले. चाळीस वर्षं त्या मैदानावर ट्रक चालवलेला माणूस. त्यांना ट्रक सापडला, चिखलात आसापर्यंत रुतलेला. फेर्मिन नव्हता. बाजूचा आरसाही नव्हता, स्क्रू काढून नेलेला.

काका तिच्या चुलीपाशी बसले आणि खाली मान घालून सांगू लागले. पाण्याखाली चाकोऱ्या शाबूत होत्या. एका जागेपर्यंत त्या दोरी लावल्यासारख्या गावाकडे आलेल्या. तिथं ट्रक बराच वेळ उभा होता. आणि तिथून पुढं नुसती वेटोळी. "तिथवर त्याला गाव दिसत होतं. मग काय झालं, कळत नाही."

इलारियाने उलट्या ट्रकचं सांगितलं. काकांनी मान वर केली. मग म्हणाले, खाली गार हवा आणि वर ऊबदार असली की उजेड वाकतो. क्षितिजापलीकडची वस्तू उचलून दाखवतो, कधी उलटीही. त्यांनी स्वतः कितीदा पाहिलंय. ट्रक खराच असतो, फक्त लांब असतो.

"मग त्यालाही मी दिसत होते?"

"ज्या वाटेनं त्याचा उजेड आला, बाई, त्याच वाटेनं तुझा जात होता."

"मी झाकला काका," ती म्हणाली. "माझ्या हातानं झाकला." आणि ती जी रडायला लागली ती रात्र सरली तरी थांबेना.

फेर्मिन सापडला नाही. पंधरा दिवसांनी, तशाच गार दुपारी, त्याच जागी आभाळात पुन्हा उजेड चमकला. ट्रक तर केव्हाच ओढून आणून अंगणात लावलेला होता. काका म्हणाले, मिठाची कड चमकत असेल. तीन वेळा चमकून थांबली, मग पुन्हा तीन वेळा चमकली, तेव्हा तेही खाली निघून गेले.

इलारियाने बोटं फाकवली, आरसा कलवला.

आत्याने तिचा दंड धरला. "अगं, उत्तर दिलंस तर तो घरी येईल. येऊन राहील!"

"येऊ दे," इलारिया म्हणाली. "त्याचं जेवण झाकून ठेवलंय."