दोरीवर दाबलेले हात

मुलांना नदीकाठी सहलीला पाठवता, तेव्हा तो काठ खालून पोखरलाय का, हे तुमच्यापैकी किती जण विचारतात?

मी विचारलं नव्हतं. आणि आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपारे कधी शिरले नाहीत. वडिलांची अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं आठवडे बाजारात वाटत मी मोठी झाले. तरीही हे लिहितेय...

गेल्या हिवाळ्यात, मी शिकवते त्या साखरशाळेतली, पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं घेऊन मी काष्टीच्या पुढे, भीमेकाठच्या एका निसर्ग केंद्रात गेले होते. तिथे एक खेळ असतो. झाडाझाडांना कमरेइतकी उंच दोरी ताणलेली. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दोरी धरून, नुसत्या कानानाकाने नदी ओळखत चालायचं. बाकीची मुलं जाऊन आली. सोनाली तेवढी घाबरत होती, म्हणून मीही पट्टी बांधली. मी पुढे, ती मागे.

नदीचा ओला वास आला आणि माझे दोन्ही हात दोरीवर दाबले गेले. वरून. गार, ओल्या, लहान तळव्यांनी.

मला वाटलं सोनालीच. म्हटलं, सोड गं, चालू दे.

"मी न्हाई धरलं, ताई," आवाज पाठीमागून आला. "चला की. भ्या वाटतंय."

मी हिसका दिला. हात हलेनात. पट्टी काढायची तर हात हवा — तोच मोकळा नाही. पुढे जाता येईना, मागे सोनाली खेटून उभी. कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी संतापून ओरडले. लांबून मुलं हसली, ताईच भ्याल्या म्हणाली. दाब तसाच. दावणीला बांधल्यासारखी मी त्या अंधारात उभी होते...

मग पकड सुटली. त्याच क्षणी दोरी तळव्यांना चटका देत पुढे निघून गेली आणि धप्पकन आवाज झाला. पट्टी ओढून काढली — पुढची बाभूळ काठासकट वाळू उपशाच्या खड्ड्यात कोसळली होती. माझ्या पायांपुढे जमीन नव्हती. सोनालीचे हात कोरडे होते. माझ्या हातांवर ओली वाळू.

केंद्राचे राखणदार काका धावत आले. "हितं राखन करनारं हाय कुनीतरी. नारळ ठिवा, ताई."

"राखण आहे, तर वाळू कशी चोरीला जाते, काका?"

"त्ये फकस्त पोरांचं बघतं," ते म्हणाले.

मी नारळ ठेवला नाही. पण नंतर गेले तेव्हा तिथे शेंदूर फासलेला दगड होता, हार होते... आणि काठ तसाच उघडा. दोरी तेवढी एक झाड मागे घेऊन बांधलेली. पात्रात वाळूचे ट्रॅक्टर.

ते हात कुणाचे, मला माहीत नाही. स्नायू आखडले म्हणावं, तर वाळू कुठून आली?

पण पुढच्या खेपेलाही ते हात येतील, या भरवशावर मी एकही मूल तिथे उभं करणार नाही. तुम्हीही करू नका. सहलीआधी स्वतः जाऊन काठ बघा. पोखरलेला दिसला तर फोटो काढा, तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, आणि कुंपण होईपर्यंत सहल अडवून धरा. नारळ घरीच राहू द्या.